इंदूर सोडून जवळपास कुठे? महू, राऊ, देवास, उज्जैन आणि घर घेण्याआधीचा हिशेब

इंदुरातल्या तीन खोल्यांच्या फ्लॅटच्या पैशात महूला किंवा देवासला अंगणासकट घर येतं, हे गणित बहुतेक घरांत जेवताजेवताच मांडून होतं. गणितात चूक नसते, फक्त ते उलट्या टोकाने सुरू केलेलं असतं. प्लॉटचा भाव सगळ्यांत शेवटी पाहायचा. आधी कामाची दिशा, मग मे महिन्यातलं पाणी, मग कागदपत्रं. एवढं झाल्यावर जी एक-दोन गावं यादीत उरतील, त्यांचा भाव परवडतो का ते बघायचं.

दिशा

इंदुरातून बाहेर पडायला फार वेळ लागत नाही, इंदूर ओलांडायला लागतो. महूहून राऊपर्यंत गाडी सुरळीत येते. तिथून विजयनगर गाठायचं तर एकतर अख्खं शहर कापा, नाहीतर बायपासचा लांबचा वळसा घ्या. म्हणून नियम साधा आहे: शहराच्या ज्या कडेला काम, त्याच कडेचं गाव.

विजयनगर, निपानिया, देवास नाका या बाजूला ऑफिस असेल तर मांगलिया आणि देवास. भंवरकुवा, राजेंद्रनगर, राऊ किंवा पीथमपूरचा कारखाना असेल तर राऊ आणि महू. सुपर कॉरिडॉरवरच्या टीसीएस-इन्फोसिसमध्ये, विमानतळाकडे किंवा सांवेर रोडच्या औद्योगिक भागात नोकरी असेल तर सांवेर आणि उज्जैन रस्ता. खंडवा रोडवर विद्यापीठ किंवा आयआयटी असेल तर तेजाजीनगरपासून सिमरोलपर्यंतचा पट्टा.

नवरा-बायको दोघंही नोकरी करतात आणि दिशा उलट्या आहेत, अशी घरं बरीच. तिथे पगार कोणाचा मोठा हे पाहू नये. ज्याची हजेरी यंत्रावर लागते आणि ज्याला मुलाच्या शाळेतून फोन आल्यावर निघावं लागतं, त्याच्या दिशेचं गाव निवडावं. एक विजयनगरला आणि दुसरा पीथमपूरला असेल, तर बाहेर जायचा विचार सध्या बाजूला ठेवलेला बरा; एखादा तरी रोज अडीच-तीन तास रस्त्यावर काढेल.

वेळ मोजायची ती स्वतः. दलाल रविवारी सकाळी गाडीतून नेतो तेव्हा देवास पस्तीस मिनिटांवर वाटतं. सोमवारी सकाळी पावणेनऊला त्या कॉलनीच्या फाटकातून निघा आणि ऑफिसच्या खुर्चीत बसेपर्यंत घड्याळ चालू ठेवा. पार्किंग, लिफ्ट, चालणं सगळं धरून. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला परतीचं मोजा. जमलं तर हेच जुलैत एकदा करा, कारण पावसात खड्डे आणि कामं सुरू असलेले पूल सगळा अंदाज फिरवतात. २०२५च्या जूनअखेरीस इंदूर-देवास रस्त्यावर अर्जुन बडोद्याजवळ उड्डाणपुलाच्या कामापाशी वाहतूक तासन्‌तास अडकून पडली होती, ते देवासला राहणारे विसरलेले नाहीत. एका बाजूला सत्तर मिनिटांहून जास्त लागत असतील आणि आठवड्यातले पाच-सहा दिवस जायचं असेल, तर ते गाव यादीतून काढा. आठवड्यातून दोनदाच जाणाऱ्याने नव्वद मिनिटंही चालवून घ्यावीत.

आता पैसे. इंदूरच्या राजवाड्यापासून महू सुमारे २३ किलोमीटर, देवास सुमारे ३७, उज्जैन ५५च्या आसपास. महिन्याचे २४ कामाचे दिवस आणि पेट्रोल १०७ रुपये लिटर धरा. महूहून ४५चं ॲव्हरेज देणाऱ्या मोटरसायकलला सुमारे २,६०० रुपये लागतात, १५चं देणाऱ्या कारला ७,९००. देवासहून तीच कार १२,७०० रुपयांचं पेट्रोल पिते; टोल, टायर आणि सर्व्हिसिंग वेगळं. हा आकडा घराच्या भावात मिळवायचा एक सोपा मार्ग आहे. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांच्या कर्जाला लाखामागे महिना सुमारे ८७० रुपये हप्ता पडतो. म्हणजे येण्याजाण्याचा खर्च महिन्याला १०,००० रुपयांनी वाढत असेल, तर तो साडेअकरा लाखांच्या जादा कर्जाएवढा आहे. बाहेरचं घर शहरातल्या घरापेक्षा निदान तेवढ्याने स्वस्त हवं. नसेल तर अंगणाखेरीज हातात काही पडत नाही.

मोटरसायकलने रोज देवास करू नका. महामार्गावर ट्रक रात्रंदिवस असतात, आणि हिवाळ्यात पहाटेच्या धुक्यात त्यांच्या मागचे दिवे दिसत नाहीत.

रेल्वे आणि बस

मध्य प्रदेशात सरकारी परिवहन महामंडळ बंद पडून बरीच वर्षं झाली. गावोगावच्या बस खासगी आहेत आणि पुष्कळदा भरल्यावर सुटतात. त्यामुळे पहिल्या बसपेक्षा शेवटच्या बसची वेळ विचारा, आणि ती कंडक्टरला विचारा. सरवटे, गंगवाल, नायता मुंडला, एमआर-१०वरचं नवं स्थानक यांपैकी सध्या कोणत्या गावची बस कुठून सुटते हेही खात्री करून घ्या. हे बदलत आलं आहे, आणि ऑफिसपासून बसस्थानक गाठायला लागणारा वेळ कोणी धरत नाही.

रेल्वेचा विचार मराठी घरांनी अधिक करायला हवा, कारण आपली बरीच वस्ती नेमकी त्या रुळांच्या कडेला आहे. इंदूरहून महूकडे सैफीनगर, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, राऊ, हरण्याखेडी अशी स्थानकं लागतात. आई-वडील लोकमान्यनगरात आणि आपण महूत, अशी विभागणी झाली तर रेल्वेने दोन्ही घरं जोडलेली राहतात. दुसऱ्या बाजूला लक्ष्मीबाईनगर, मांगलिया, बरलाई करत देवास आणि पुढे उज्जैन. या मार्गाने उज्जैन रस्त्यापेक्षा बरंच लांब पडतं, कारण तो देवासवरून वळसा घेऊन जातो.

मासिक पास १५० किलोमीटरपर्यंत मिळतो. तीन महिन्यांचा पास मासिकाच्या २.७ पट किमतीला पडतो, म्हणजे तिमाही घेतल्यास नऊ-दहा दिवसांचं भाडं वाचतं. पास सुपरफास्टमध्ये चालायला वेगळा अधिभार भरावा लागतो, आणि आरक्षित डब्यात तो चालत नाही. ॲपमध्ये महू शोधून सापडत नाही. स्थानकाचं नाव डॉ. आंबेडकर नगर आहे. खरी अडचण गाड्यांच्या वेळांची. साडेनवाच्या ऑफिसला पोहोचवणारी आणि सहानंतर परत आणणारी, अशा दोन गाड्या जमतात का हे आजच्या वेळापत्रकात तपासा, आणि त्या आठवडाभर किती उशिरा धावल्या ते चालू गाडीच्या ॲपवर पाहा. यातली एक जरी जमत नसेल तर रेल्वे हिशेबातून वगळा.

मेट्रोच्या नावाने प्लॉट विकणाऱ्यांचं ऐकू नका. ३१ मे २०२५ला सुरू झालेला टप्पा गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर असा सुमारे सहा किलोमीटरचा, पाच स्थानकांचा आहे. सांवेरच्या शेतातल्या कॉलनीला त्याचा उपयोग नाही.

एकेक गाव

महू हे इंदूरकरांचं पहिलं प्रेम. हवा थोडी निराळी, झाडं जुनी, रस्ते रुंद, शाळांना लष्कराची शिस्त. पण महू म्हणजे एक गाव नव्हे. मधोमध छावणी, तिच्याबाहेर महूगाव, किशनगंज, कोदरिया अशा वस्त्या, आणि प्रत्येकीचा कारभार वेगळा. छावणीतल्या जमिनीचे नियमच निराळे असतात. जुन्या बंगल्यांपैकी अनेक ‘ओल्ड ग्रँट’वर आहेत; तिथे जमीन भारत सरकारची आणि धारकाकडे फक्त वरचं बांधकाम. असा बंगला किंवा त्याचा तुकडा स्वस्तात सांगितला जातो, आणि मग बँक कर्ज देत नाही, बांधकामाला परवानगी मिळत नाही. छावणी भागात काहीही घेण्याआधी जनरल लँड रजिस्टरचा उतारा मागवा आणि त्यात जमिनीचा धारणाधिकार काय लिहिला आहे ते वकिलाकडून वाचून घ्या. विकणारा उतारा द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथेच थांबा. लष्करी आस्थापनेच्या भिंतीलगतच्या प्लॉटवरही, तो छावणीबाहेर असला तरी, बांधकामाला लष्कराची ना-हरकत लागू शकते.

महूत दोन गर्दीचे काळ धरून चाला. १४ एप्रिलला आंबेडकर जयंतीला जन्मभूमीवर देशभरातून लाखो लोक येतात, त्या दोन-तीन दिवसांत गावातून गाडी काढायची नाही. आणि जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी सगळं इंदूर पाताळपाणी, चोरल, जानापावला निघतं. राऊपासून रांग लागते.

राऊ आता शहराला चिकटलंच आहे. आयआयएम, बायपासचं टोक आणि पीथमपूरचा रस्ता यांमुळे भाव वाढलेले, त्यामुळे अंगण मिळत नाही आणि गावपणही उरलेलं नाही. ज्याला शाळा इंदूरची ठेवायची आणि काम पीथमपूरला आहे, त्याला मात्र यापेक्षा सोयीचं काही नाही.

पीथमपूर राहायला सुचवणार नाही. तो धार जिल्ह्यातला औद्योगिक पट्टा आहे. कारखान्यात पाळी असेल तर खोली भाड्याने घ्या, कुटुंब राऊला किंवा महूला ठेवा. उन्हाळ्या-पावसाळ्यात माळव्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, म्हणून पीथमपूरच्या पूर्वेला अगदी लगत प्लॉट घेणाऱ्याने रात्री अकरानंतर एकदा तिथे जाऊन उभं राहावं. वास आणि आवाज रात्रीच खरे कळतात.

देवास हा मराठी कुटुंबाला सगळ्यांत कमी परका वाटणारा पर्याय. थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन संस्थानं इथे होती, त्यामुळे मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. कुमार गंधर्वांनी आयुष्याचा मोठा काळ इथे काढला. महापालिका आहे, जिल्ह्याचं ठिकाण आहे, म्हणजे तहसील, न्यायालय, जिल्हा रुग्णालय अशी कामं इंदूरला न जाता होतात. जुन्या, महापालिकेला हस्तांतरित झालेल्या कॉलनीतलं पंधरा-वीस वर्षांचं घर हा इथला सर्वांत शहाणपणाचा सौदा. नवीन कॉलनीपेक्षा दिसायला जुनाट, पण रस्ता, नळ, गटार यांचा प्रश्न मिटलेला असतो. इंदूरच्या बाजूला, महामार्गाला लागून घेण्याचा मोह होतो. पाचशे मीटर तरी आत घ्या, ट्रकचा आवाज रात्री वाढतो. चैत्र आणि आश्विन अशा दोन्ही नवरात्रांत देवीच्या टेकडीच्या आसपास राहणाऱ्यांना नऊ दिवस गाडी बाहेर ठेवावी लागते, हे घर पाहताना कोणी सांगत नाही.

उज्जैनबद्दल थोडं थांबून विचार करा. ऑक्टोबर २०२२मध्ये महाकाल लोक झाल्यापासून गर्दी बारमाही झाली आहे. श्रावणातल्या सोमवारी महाकालाची सवारी, म्हणजे पालखी, निघते तेव्हा जुनं शहर बंद. इथल्या देवळात शिंदेशाही वळणाने आपला अमान्त श्रावणही पाळला जातो, आणि उत्तरेकडचा पौर्णिमान्त श्रावण तर पंधरा दिवस आधीच लागलेला असतो, म्हणून सवाऱ्या दीड महिना चालतात. पुढचा सिंहस्थ २०२८च्या उन्हाळ्यात आहे. रस्ते रुंद होत आहेत, जमिनीचे भाव त्या हिशेबाने फुगवले जात आहेत. उज्जैनला राहून इंदूरला रोज जायचं असेल तर सिंहस्थ उरकेपर्यंत भाड्याने राहा. सांवेर मध्यावर आहे आणि सुपर कॉरिडॉरवाल्यांना सोयीचं पडतं, पण मोठा दवाखाना आणि दहावीनंतरचं शिक्षण दोन्हीसाठी इंदूर किंवा उज्जैन गाठावं लागतं.

पाणी

इथे घाई करू नका. माळव्यात घर चुकलं असं जे म्हणतात, त्यांतल्या निम्म्यांचं पाणी चुकलेलं असतं.

इंदूरचं नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर लांबून, पाचशेहून अधिक मीटर उंच उपसून आणलं जातं. १९७८ला पहिला टप्पा आला, त्यानंतर शहर वाढतच गेलं आणि पाणी पुरवत राहायला अजून झटापट चालू आहे. अशा पाण्याची वाहिनी ‘दोन वर्षांत आपल्या कॉलनीपर्यंत’ येणार, असं सांगणाऱ्याला एकच विचारा: नगर परिषदेच्या किंवा पंचायतीच्या मंजूर योजनेत या कॉलनीचं नाव आहे का, कागद दाखवा. देवासने तर १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आगगाडीतून आलेलं पाणी प्यायलं आहे. त्यानंतर क्षिप्रेवरचा साठा आणि नर्मदेचं पाणी यांनी स्थिती सुधारली, तरी महापालिकेच्या नळाचा भाग कोणता आणि बोअरवर जगणारा कोणता, हे गल्लीगल्लीत बदलतं.

नळ नसेल तर बोअर. माळव्याच्या काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण आहे. या पाषाणात पाणी फक्त फटींत आणि झिजलेल्या थरात साचतं. त्यामुळे एकमेकींपासून तीस फुटांवरच्या दोन बोअरपैकी एक चारशे फुटांपर्यंत कोरडी आणि दुसरी दीडशेवर भरलेली, असं होतं. शेजारच्याची चालते म्हणून आपली चालेल, हे गृहीत धरू नका. दोनशे मीटरच्या आत किमान पाच घरांत विचारा: खोली किती, मोटर किती फुटांवर सोडली आहे, मे महिन्यात दिवसाला किती मिनिटं चालते. शेवटचं उत्तर सगळ्यांत खरं असतं.

स्वतः मोजणी करायची तर एप्रिल-मेमध्ये करा. मोटर तासभर चालू ठेवा, मग वीस लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते पाहा. वीस सेकंद लागले तर तासाला ३,६०० लिटर. तासभर आधी चालवणं गरजेचं, कारण सुरुवातीला नळीत साचलेलं पाणी जोरात येतं आणि फसवतं. पाच माणसांच्या घराला माणशी १३५ लिटरने दिवसाला ६७५ लिटर लागतात. म्हणजे ५,००० लिटरची जमिनीखालची टाकी आठवडा काढते, आणि टँकरही साधारण तेवढाच येतो. मेमध्ये महिन्याला चार-पाच टँकर लागतात असं गल्लीतले लोक सांगत असतील, तर तो खर्च घराच्या हप्त्यात धरा.

‘पाणी नाही लागलं तर उन्हाळ्यात नवी बोअर मारू’ हा बेत बऱ्याचदा फसतो. मध्य प्रदेश पेयजल परिरक्षण अधिनियम, १९८६खाली कलेक्टर उन्हाळ्यात जलअभावग्रस्त भाग जाहीर करतात आणि तिथे नव्या खाजगी नलकूपांना बंदी येते. एसडीएमच्या (उपविभागीय अधिकाऱ्याच्या) परवानगीविना बोअरची गाडी सुद्धा फिरू देत नाहीत. बोअर घ्यायचीच तर बंदी लागण्याआधी, हिवाळ्याच्या अखेरीस.

पाण्याची तपासणी प्लॉटच्या बयाण्याआधी. लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या जिल्हा प्रयोगशाळेत किंवा खासगी प्रयोगशाळेत नमुना द्या. आकडे भारतीय मानक १०५००प्रमाणे वाचायचे: विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरा स्रोत नसेल तर २,००० ही शेवटची हद्द, कठीणपणा २०० आणि ६००, नायट्रेट ४५ला थांबलं पाहिजे, फ्लोराइड १, फार तर १.५. नायट्रेट जास्त निघालं तर बहुधा शेतातलं खत किंवा सेप्टिक टाकी. जिवाणूंसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली घ्या आणि त्याच दिवशी पोचवा.

याच जागी छोट्या प्लॉटच्या कॉलनीत खरी गोम आहे. सेप्टिक टाकी आणि बोअर यांत निदान पन्नास फूट अंतर हवं. २५ बाय ४०च्या प्लॉटचा कर्णच ४७ फूट भरतो. म्हणजे हजार फुटांच्या प्लॉटवर दोन्ही स्वतःची असतील, तर अंतर कागदावरही बसत नाही, आणि शेजाऱ्याची टाकी तर हिशेबातच नाही. सामाईक मलवाहिनी नसलेल्या अशा कॉलनीत बोअरचं पाणी उकळल्या-गाळल्याविना पिऊ नये. हजार चौरस फुटांचं छप्पर इथल्या पावसात वर्षाला सुमारे ७० हजार लिटर पाणी देतं. ते गाळून बोअरमध्ये सोडण्याची सोय बांधकामाबरोबरच करा, नंतर छपराच्या नळ्या फोडाव्या लागतात.

कागद

स्वस्त प्लॉट स्वस्त का, याचं उत्तर खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यात असतं. एमपी भूलेख या सरकारी संकेतस्थळावरून खसरा आणि बी-१ (खातेदाराचा उतारा) काढा, फुकटात दिसतं. जमीनमालकाचं नाव विकणाऱ्याशी जुळतं का हे तर पाहाच, पण शेऱ्याचा रकाना अक्षर न्‌ अक्षर वाचा. ‘शासकीय’ किंवा ‘चरनोई’ (गुरचरण) म्हणजे विषय संपला. देवळाच्या नावापुढे ‘व्यवस्थापक कलेक्टर’ असेल तर ती देवस्थानाची जमीन, कितीही वर्षं कोणी कसत असो. ‘अहस्तांतरणीय’ असेल तर ती सरकारी पट्ट्याची. भू-राजस्व संहितेच्या कलम १६५ (७-ख) प्रमाणे कलेक्टरच्या परवानगीविना विकता येत नाही. आदिवासी खातेदाराची जमीनही याच कलमात अडते.

पुढे डायव्हर्शन, म्हणजे शेतजमिनीचा बदललेला वापर, निवासी आहे का, नगर तथा ग्राम निवेश विभागाचा मंजूर अभिन्यास (प्लॉटचा आराखडा) आहे का, आणि आपल्याला दाखवलेला प्लॉट क्रमांक त्याच अभिन्यासात त्याच जागी आहे का. हे तिसरं तपासणं लोक विसरतात. बागेच्या किंवा शाळेच्या जागेचे नंतर पाडलेले प्लॉट विकले गेल्याची उदाहरणं थोडीथोडकी नाहीत. कॉलनायझरला, म्हणजे कॉलनी पाडणाऱ्याला, विकासाची हमी म्हणून काही प्लॉट प्रशासनाकडे बंधक ठेवावे लागतात. ती यादी मागून आपला प्लॉट त्यात नाही ना, हे पाहा. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवरच्या विक्रीयोजनेला रेरा क्रमांक लागतो. तो मध्य प्रदेश रेराच्या संकेतस्थळावर टाका. मुदत संपली का, काम किती झालं, तक्रारी आहेत का, सगळं समोर येतं.

कोणी म्हणालं की ‘सध्या नोटरीवर घ्या, रजिस्ट्री नंतर करून देऊ’, तर उठा. नोटरीच्या कागदाने मालकी येत नाही. अशा अवैध कॉलन्यांत वीजही पुष्कळदा अस्थायी कनेक्शनवर मिळते, महाग पडते, आणि कायमच्या जोडणीसाठी कॉलनीच्या विद्युतीकरणाचा खर्च वाटून मागितला जातो. वीज तपासायची सोपी खूण: शेजाऱ्याचं बिल पाहा. जोडणी कायम आहे की अस्थायी, दर शहरी आहे की ग्रामीण, ते त्यावर लिहिलेलं असतं. ग्रामीण फीडर असेल तर कपात किती, हेही त्याच्याच तोंडून ऐका.

वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्या. आणि कर्ज नको असलं तरी दोन सरकारी बँकांत जाऊन या प्रकल्पावर कर्ज देता का, विचारा. बँकेचा वकील नाही म्हणत असेल तर त्याला काहीतरी दिसलेलं असतं.

खर्चाच्या यादीत रजिस्ट्री धरा. शहरी भागात स्टँप ड्यूटी, पालिकेचे कर आणि नोंदणी शुल्क मिळून गाइडलाइन किमतीच्या (सरकारने ठरवलेल्या भावाच्या) दहा टक्क्यांच्या वर जातात; खरेदी घरातल्या बाईच्या नावाने केली तर सवलत मिळते. रजिस्ट्रीनंतर नामांतरण, म्हणजे नोंदीतल्या मालकाच्या नावाचा बदल, झालंच असं समजून बसू नका. महिन्याभराने खसऱ्यात किंवा नगर परिषदेच्या नोंदीत स्वतःचं नाव पाहून घ्या.

बांधणार असाल तर काळ्या मातीचं लक्षात ठेवा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, आणि वरवरच्या पायावरच्या भिंती तिसऱ्या-चौथ्या वर्षी तिरक्या तडकतात. दोन जागी खड्डे घेऊन मुरूम किती खोल आहे पाहा. चार-पाच फुटांत लागला तर पाया मुरमावर टेकवा. खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर केलेले खोल खांब) आणि वर आरसीसी बीम, हे गवंड्याला नव्हे, अभियंत्याला विचारून.

मुलं, म्हातारी माणसं

शाळा इंदूरचीच ठेवायची असेल तर बस त्या कॉलनीच्या तोंडाशी येते की महामार्गावर, हे शाळेला लेखी विचारा. नववीच्या मुलाला सव्वासहाला बस पकडायला लावणं चालतं, पहिलीच्या नाही. महू आणि देवास दोन्हीकडे केंद्रीय विद्यालय आहे, पण प्रवेशात बदलीच्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना आधी स्थान असतं. खासगी नोकरीवाल्याने त्यावर भिस्त ठेवू नये. खरी अडचण अकरावी-बारावीला येते, जेव्हा शिकवणी वर्ग भंवरकुव्याला असतात आणि रात्री नऊला सुटतात.

आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांचा दिवस कसा जाईल ते पाहा. चालत जाता येईल असं देऊळ आणि किराणा, मराठी बोलणारी दोन घरं, रक्तदाब तपासणारा डॉक्टर. रात्री दोनला छातीत दुखलं तर हृदयरोगाची सोय असलेलं रुग्णालय किती मिनिटांवर, हे त्याच वेळी गाडी चालवून पाहा. गणेशोत्सवातल्या मंडळींची, सानंद या इंदूरच्या मराठी संस्थेच्या कार्यक्रमांची सवय असलेली माणसं शेताच्या मधोमध असलेल्या गेटबंद कॉलनीत खंगतात. देवासच्या जुन्या वस्तीत किंवा महूच्या बाजाराजवळ रमतात. कचऱ्याचंही विचारा. इंदुरात रोज सकाळी गाडी दारात येण्याची सवय झाली आहे. पंचायतीच्या हद्दीतल्या कॉलनीत तोच कचरा कोपऱ्यावर जळताना दिसतो.

आधी भाड्याने

शक्य असेल तर इंदूरचं घर विकण्याआधी त्याच कॉलनीत ११ महिन्यांच्या करारावर राहून पाहा. करार मार्चमध्ये सुरू करा, म्हणजे मेचं पाणी आणि जुलैचा रस्ता दोन्ही त्यात येतात, आणि मुलांचं नवं वर्षही एप्रिलपासून लागतं. इंदूरचं घर या काळात भाड्याने द्या. ऑगस्टअखेर घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा. सगळ्यांसमोर विचारलं तर सगळे बरं आहे म्हणतात.

मुक्काम पक्का झाला की समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारचा कुटुंबाचा ओळख क्रमांक, नव्या नगर परिषदेत किंवा पंचायतीत स्थलांतरित करा. शाळेचा प्रवेश, रेशन, सरकारी योजना सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे, आणि जुन्या वॉर्डात नाव राहिलं तर दोन्हीकडून परत पाठवतात. त्यानंतर मतदारयादीसाठी फॉर्म ८, गॅसची जोडणी, आधारवरचा पत्ता. गाडीच्या आरसीवरचा पत्ताही बदला. देवास, उज्जैनसारखं दुसऱ्या जिल्ह्यातलं ठिकाण असेल तर ते काम दुसऱ्या आरटीओचं असतं आणि त्याला जास्त दिवस लागतात.